टेबल टेनिस खेळताना आमचं काय काय बिनसतं

दुपारची भांडी झाली असतील तर जरा टेका, नसतील झाली तर घासता घासता ऐका. आज आम्ही बचत गटाच्या व्याजाबद्दल बोलणार नाही, पापडाच्या पॅकिंगबद्दलही नाही. आज बोलायचं आहे टेबल टेनिसबद्दल. हसू नका. दोन वर्षं झाली, आमच्या गटातल्या आठ-नऊ जणी दर रविवारी दुपारी समाजमंदिरात टेबल टेनिस खेळतो. खेळाची मजा काय असते ते सगळेच सांगतात. आम्ही आज चिडचिड सांगणार आहोत. कारण त्या चिडचिडीपायी आमचा गट तीन आठवडे अडला होता आणि आमच्यातल्याच एकीवर नको ती वेळ आली होती. तेही सांगतो, पण आधी टेबलापासून सुरुवात करू.

आमचं टेबल शाळेचं जुनं. शाळेला नवं मिळालं तेव्हा हे समाजमंदिरात येऊन पडलं. नियमाप्रमाणे टेबल नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि ७६ सेंटीमीटर उंच असतं. मधली जाळी सहा इंचाची. आमचं टेबल लांबीरुंदीला पुरेपूर आहे, पण एक पाय बसलेला. त्याखाली आम्ही फरशीचा तुकडा सारतो आणि कुणीतरी झाडताना तो काढून टाकतं. मग दर रविवारी पहिली दहा मिनिटं तुकडा शोधण्यात जातात. त्यात गावात लग्न निघालं की याच टेबलावर बुंदीची टोपली आणि रश्श्याचं पातेलं. हळदीचा डाग राहिला तर खेळाला काही होत नाही, तेलाचा राहिला तर होतं. तिथं बॉल उडतच नाही, सरपटत पुढं जातो आणि आपण बॅट हवेत फिरवून मोकळ्या. आता आम्ही लग्नघरी आधीच सांगतो, वर जाड प्लॅस्टिक अंथरा. तरी सांडलंच तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरड्यानं पुसायचं. पाणी टेबलात मुरलं तर लाकूड फुगतं.

दुसरी चिडचिड बॉलची. बॉल ४० मिलिमीटरचा आणि वजन २.७ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून हलका. एवढ्याशा जिनसेनं आम्हाला जेवढं वाकवलं तेवढं भांगलणीनंही नसेल. खेळ पाच मिनिटं आणि शोधाशोध दहा मिनिटं. भजनी मंडळाच्या कपाटाखाली जातो, सतरंज्यांच्या गठ्ठ्यात जातो, दार उघडं राहिलं तर गटारीत. आणि सापडतो तेव्हा बहुतेक कुणाच्या तरी पायाखाली, कट्‌ असा आवाज करून.

चेपलेला बॉल टाकून देऊ नका. गरम पाण्यात थोडा वेळ दाबून धरला की आतली हवा फुगते आणि चेप पुष्कळदा वर येतो. चीर गेली असेल तर मात्र उपाय नाही. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. बॉल टेबलावर टाकला की चांगला असेल तर टणटण वाजतो, फुटका असेल तर बद्द. माठ घेताना आपण वाजवून बघतोच की.

इथं एक सावधगिरी सांगतो. शाळेच्या कपाटात आम्हाला जुन्या बॉलचा एक डबा सापडला. केवढा आनंद! पण त्या बॉलनं खेळायला लागलो तर सगळ्याच चुकायला लागलो. मग कळलं की २००० सालापर्यंत बॉल ३८ मिलिमीटरचा असायचा. लहान, म्हणून जास्त वेगानं जायचा. खेळ थोडा हळू व्हावा, बघणाऱ्यांना बॉल दिसावा, म्हणून तो मोठा केला. शिवाय ते जुने बॉल सेल्युलॉइडचे. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत प्लॅस्टिकचे बॉल आले. तुमच्याकडे जुना डबा असला तर चुलीजवळ, देवाच्या दिव्याजवळ ठेवू नका आणि लेकरांच्या हाती काडेपेटीसोबत देऊ नका.

बॉल आणायला कुणी जायचं, हा आमच्यातला पहिला खरा वाद. सुरुवातीला काय व्हायचं, बॉल कुणाच्याही बाजूला पडो, सगळ्यांची नजर आमच्यातल्या धाकट्या जावेकडे जायची. ती बिचारी उठायची आणि आणायची. थोरली जाऊ समोर उभी, बॅटनं वारा घेत. दोन-तीन महिने असंच चाललं आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एके दिवशी धाकटी म्हणाली, "घरी मी, इथंही मीच?" मोठ्यानं नाही म्हणाली, बॉल उचलता उचलता स्वतःशीच म्हणाली. पण ऐकू आलं सगळ्यांना. त्या दिवसापासून ठरलं, ज्या बाजूला बॉल पडेल तिनं आणायचा, मग ती सासू असो की सून. आणि आणला की फेकायचा नाही, जिची सर्व्हिस आहे तिच्याकडे टेबलावरून घरंगळत द्यायचा. थोरल्या जावेचे गुडघे पहिल्या रविवारी दुखले म्हणतात. आम्ही ऐकून घेतलं.

पंख्याचं काय सांगावं. वर पत्रा, एप्रिलचं ऊन. पंखा लावला तर बॉल वाकडा जातो, बंद ठेवला तर आम्ही वाकड्या होतो. सध्या एक गेम झाला की दोन मिनिटं पंखा, असं चालवतो.

साडीचा प्रश्न बऱ्याच जणींनी आम्हाला विचारला. साडीत खेळता येतं, पदर खोचला पाहिजे. कारण नियम असा आहे की अंगावरचा कपडा हा आपल्याच अंगाचा भाग धरतात. पदर जाळीला लागला तर पॉइंट समोरचीला. समोरून आलेला बॉल टेबलाच्या वर असताना, टप्पा पडायच्या आधी पदराला लागला तरी पॉइंट तिचाच. पण बॉल तुमच्या बाजूला टप्पा न पडताच टेबलाबाहेर गेला आणि मग तुमच्या पदराला लागला, तर पॉइंट तुमचा, कारण तो बाहेरच चालला होता. ही गोष्ट माहीत नव्हती तोवर आम्ही कितीतरी पॉइंट उगाच सोडले. आणखी एक, रिकामा हात टेबलावर टेकवायचा नाही. बॉल खेळात असताना टेकवला की पॉइंट गेला. आपल्याला सवय असते ना, ओट्याला हात टेकून उभं राहायची, तीच इथं नडते. बॅट धरलेल्या हाताच्या बोटांना बॉल लागून पलीकडे गेला तर मात्र चालतो, मनगटाच्या खालचा हात बॅटमध्येच धरतात. बांगड्या चालतात, पण वाजल्या की समोरची म्हणते माझं लक्ष गेलं. यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मग स्कोअर. आमच्यातल्या एक काकू शाळेत असताना खेळलेल्या. त्या २१ पर्यंत मोजायच्या आणि पाच-पाच सर्व्हिस करायच्या. आम्हाला वाटायचं काकू रेटून नेतात. पण काकूंचं त्यांच्या काळापुरतं बरोबर होतं. २००१ मध्ये गेम ११ चा झाला आणि सर्व्हिस दोन-दोन. दोघी १० वर आल्या की एक-एक सर्व्हिस, आणि दोन पॉइंटांनी पुढं गेल्याशिवाय गेम संपत नाही. स्कोअर विसरण्यावर उपाय सोपा आहे. सर्व्हिस करणारीनं आधी आपला आणि मग समोरचीचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, मगच बॉल उडवायचा. बसच्या कंडक्टरसारखं. तेव्हाच हरकत आली तर आली, नंतर नाही.

सर्व्हिसवर तर रोज कुरबूर. बॉल उघड्या तळहातावर ठेवायचा, मुठीत नाही. सरळ वर उडवायचा, निदान १६ सेंटीमीटर, म्हणजे जाळीच्या उंचीपेक्षा कणभर जास्त. खाली येताना मारायचा. आणि समोरचीला बॉल सतत दिसला पाहिजे, अंगाआड लपवायचा नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी हातातूनच परस्पर मारायच्या आणि टोकलं की म्हणायच्या, "एवढं काय मोठं, ऑलिंपिकला जायचंय का?" ऑलिंपिकला नाही जायचं, पण हातातून मारलेल्या बॉलला वाटेल तशी फिरकी देता येते आणि समोरचीला काही वाचताच येत नाही. अन्याय आहे तो. सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे नीट पडली तर ती पुन्हा करायची, त्यात कुणाचाच पॉइंट नाही.

फिरकीनं नवख्या बायकांना रडवलंय. गिरणीवाल्या वहिनी बॅट वरून खाली अशी आणतात, विळीवर कांदा कापल्यासारखी. तो बॉल आपण साधा मारला की थेट जाळीत. दहा वेळा मारा, दहा वेळा जाळीत. एक जण तर खेळ सोडून निघाली होती, "माझ्या हातातच काही नाही" म्हणून. हातात होतं, बॅटचा कोन चुकत होता. समोरचीची बॅट वरून खाली गेली तर आपण बॅटचं तोंड थोडं आभाळाकडे करायचं आणि बॉल खालून उचलायचा. खालून वर गेली तर बॅटचं तोंड टेबलाकडे झुकवायचं, नाहीतर बॉल पत्र्याला जातो. म्हणजे बॉलकडे नंतर, आधी समोरचीच्या हाताकडे बघायचं.

बॅटच्या दोन बाजू दोन रंगांच्या का असतात, हेही त्यातलंच. दोन बाजूंना दोन जातीचं रबर लावता येतं. एक गुळगुळीत, एक दाणेदार. लांब दाण्यांच्या रबरावरून बॉल उलटाच वागतो, आपलीच फिरकी आपल्याला परत येते. पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असायच्या, तेव्हा खेळाडू हातात बॅट फिरवायचे आणि समोरच्याला कळायचंच नाही कोणती बाजू लागली. म्हणून १९८० च्या दशकात दोन बाजू दोन वेगळ्या रंगांच्या हव्यात असा नियम आला. आपली मनिका बत्रा असं लांब दाण्यांचं रबर वापरते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सुवर्णपदक आणलं तेव्हा भल्याभल्या खेळाडू त्या रबरापुढं गोंधळल्या होत्या. तेव्हा गिरणीवाल्या वहिनींपुढं आपण गोंधळलो तर त्यात लाज नाही.

आमच्यात एक ताई आहेत, लहानपणी पोलिओ झालेल्या. त्या खुर्चीत बसून खेळतात. सुरुवातीला आम्ही त्यांना बॉल जाळीजवळ टाकायचो, किंवा बाजूच्या कडेनं बाहेर काढायचो, आणि पॉइंट घेऊन खूष व्हायचो. त्या काही बोलायच्या नाहीत. मग २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये भाविना पटेल यांनी रौप्यपदक मिळवलं, ते त्यांनी आम्हाला मोबाईलवर दाखवलं. भाविना गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावच्या. लहानपणी पोलिओ झालेला. अहमदाबादला कॉम्प्युटर शिकायला म्हणून गेल्या आणि तिथं खेळ सापडला. तो सामना बघताना कळलं की चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूला सर्व्हिस करताना बॉल बाजूच्या कडेनं बाहेर गेला तर ती सर्व्हिस पुन्हा करावी लागते, तो मागच्या कडेनंच गेला पाहिजे. म्हणजे नियम होता, आम्हालाच माहीत नव्हता. त्या दिवसापासून आम्ही तो पाळतो. आता ताई आमच्यातल्या निम्म्या जणींना हरवतात.

पोरांचं थोडक्यात सांगतो. आम्ही चार वाजता खेळायला लागलो की सव्वाचारला तरुण मंडळी टेबलाला टेकून उभी. "काकू, झालं का?" कुणी म्हणायचं, या वयात काय हे. आम्ही भांडलो नाही. महिला ग्रामसभेत अर्ज दिला आणि रविवारी दुपारी चार ते सहा ही वेळ महिलांची, असा ठराव करून घेतला. आता ते भिंतीवर रंगानं लिहिलंय. तरी पोरं येतात, पण आता बॉल शोधून देतात.

आता मूळ गोष्ट. महिला दिनाला आम्ही सामने ठेवले. अंतिम सामना गटाच्या अध्यक्ष ताई आणि सचिव ताई यांच्यात. दोन-दोन गेम झालेले, पाचव्या गेममध्ये १०-९. अध्यक्ष ताईंनी मारलेला बॉल सचिव ताईंच्या डाव्या हाताला टेबलाला कुठंतरी घासला आणि खाली गेला. एक म्हणाली कडेला लागला, माझा पॉइंट, मी जिंकले. दुसरी म्हणाली बाजूला लागला, कडेला नाही. स्कोअर मोजायला बसवलेली नववीतली पोरगी म्हणाली, मला दिसलं नाही.

नियम काय, तर टेबलाची वरची कड ही टेबलच. तिथं लागला तर बॉल चांगला. पण टेबलाची जी उभी बाजू असते, फळीची जाडी, तिथं लागला तर तो बाहेर. फरक बोटभराचा. त्या बोटभरात मग काय काय निघालं! शिलाई मशीन कुणाला आधी मिळालं, गेल्या वर्षी कुणाचा हप्ता वहीत उशिरा चढला, कुणाच्या नवऱ्यानं सरपंचाला काय सांगितलं. बॅट आपटली, तिची कड फुटली. आम्ही बाकीच्यांनी काय केलं? आम्हीही दोन बाजूंना उभ्या राहिलो.

गटाच्या खात्यातून पैसे काढायला या दोघींच्याच सह्या लागायच्या. पुढच्या सोमवारी एका सभासद बाईचं पंधरा हजारांचं कर्ज काढायचं होतं, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. बैठकीत मंजूर झालेलं. पण एकीनं सही केली आणि दुसरी म्हणाली, तिनं आधी माझी माफी मागावी. मग पहिलीनं स्लिप परत घेतली. असे तीन आठवडे गेले. त्या बाई स्वभावानं मुक्या. दोघींच्या दारात एक-एकदा जाऊन आल्या, पुन्हा गेल्या नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांनी काहीतरी सोय केली असेल. सोय केलीच होती. तिसऱ्या रविवारी त्या समाजमंदिरात येऊन बसल्या तेव्हा थोरल्या काकूंचं लक्ष गेलं, त्यांचे कान मोकळे होते. कानातली फुलं सोनाराकडे ठेवून त्यांनी फी भरली होती. माहेरची एवढीच वस्तू होती त्यांच्याकडे.

कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या दिवशी बॉलला कुणी हात लावला नाही. सोमवारी सकाळी नऊच्या एसटीनं अध्यक्ष ताई आणि सचिव ताई एकत्र बँकेत गेल्या, शेजारी बसल्या होत्या की नाही ते माहीत नाही. दुपारी फुलं सोडवून आणली. सोनाराचं व्याज दोघींनी निम्मं निम्मं स्वतःच्या पैशांतून दिलं. पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघींपैकी कोणत्याही दोघींची सही चालेल. तसं बँकेत लिहून दिलं. तुमच्या गटात दोघींच्याच सह्या असतील तर हे आधीच करून टाका, भांडण व्हायची वाट बघू नका.

त्यानंतरच्या रविवारी काकूंनी पांढरी रांगोळी आणली आणि टेबलाच्या कडेला बोटानं चोळली. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीनं मुद्दाम कडेवर बॉल मारले. वरच्या कडेला लागलेला बॉल थोडा तरी वर उडतो, उभ्या बाजूला लागलेला बहुतेक बाहेर किंवा खाली जातो. वीस-पंचवीस बॉल मारल्यावर डोळ्याला सवय झाली. पण महिला दिनाचा तो बॉल वर उडाला होता की खाली गेला होता? दोघींनाही आता खात्रीनं सांगता येईना. ज्या बॉलबद्दल कुणालाच सांगता येत नाही तो पॉइंट पुन्हा खेळायचा, हे तेव्हा ठरलं, आणि १०-९ वरून पुन्हा सुरू केलं.

१०-१० झाले, मग ११-११. शेवटी १३-११ नं अध्यक्ष ताई जिंकल्या. शेवटचा पॉइंट त्यांना जाळीला लागून पलीकडे पडलेल्या बॉलवर मिळाला. असा नशिबाचा पॉइंट मिळाला की खेळाडू हात वर करून समोरच्याला माफ कर म्हणतात, तशी रीत आहे. अध्यक्ष ताईंनी हात वर केला. सचिव ताई म्हणाल्या, "हात काय वर करतेस, बॉल तुझ्या बाजूला पडलाय, घेऊन ये."

बॅटची फुटलेली कड आम्ही चिकटपट्टीनं बांधली आहे. नवी घ्यायला वर्गणी चालू आहे. शेजारच्या वाड्यावस्त्यांवरच्या ज्यांना खेळायचंय त्यांनी रविवारी चार वाजता समाजमंदिरात यावं. बॅटी चार आहेत, बॉल दोनच उरलेत. आत येताना पायाखाली बघून या.